भंडाऱ्यातले चार प्लग

आयुष्यभर मी गाड्यांची कामं केली, पण काम न करण्यासाठी बोलावणारा माणूस मला एकच भेटला. ते हर्सूलचे मल्हारीतात्या. फोनवर त्यांनी आधी अट सांगितली, मग नाव सांगितलं. "मिस्त्री, यायचं, खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा. गाडीला हात लावायचा नाय." मी मनात म्हटलं, अशी नोकरी तरुणपणी मिळाली असती तर आज गुडघे एवढे कुरकुरले नसते.

मी मूळचा सिल्लोडचा. शाळा मराठी, घरात दखनी, आणि पोट भरलं ते मुकुंदवाडीच्या गॅरेजवर. आता गॅरेज पुतण्या बघतो. मी रिटायर झालोय असं मी सगळ्यांना सांगतो, पण ते माझ्या मोबाइलला कुणी सांगितलेलं नाही. तो वाजतोच. मग आमची बेगम म्हणते, "घरमें बैठो ना अब. तुमकू गाड्याँ छोडतेइच नई." मी हो म्हणतो आणि हत्यारांची पिशवी शोधायला लागतो.

हल्ली जे फोन येतात ते एका विशिष्ट आवाजातले असतात. माणूस हळू बोलतो, कारण शेजारच्या खोलीत बायको असते. त्यानं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला असतो, त्यात एक हसतमुख मुलगा चहा निवायच्या आत चारही प्लग बदलून दाखवतो. आमच्या माणसाचा चहा निवून दुपार झालेली असते, बॉनेट उघडं असतं आणि एक बोल्ट कुठं गेला ते कळत नसतं. तेव्हा तो मला विचारतो, "मिस्त्री, सहज या बाजूला येणं होणार आहे का?"

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून थोडं सांगतो. पेट्रोल गाडीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र येतात आणि त्यांना पेटवायला ठिणगी लागते. ती पाडणारी बोटाएवढी वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. हल्लीच्या मोठ्या गाड्यांत प्रत्येक प्लगासाठी खोल विहिरीसारखी एक नळी असते, तिच्या तळाला प्लग बसतो आणि वरून कॉइल नावाची वस्तू टोपीसारखी बसवलेली असते. कॉइल काढायची, लांब पान्यानं प्लग सोडवायचा, नवा लावायचा. काम एवढंच. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच लोक त्यात अडकतात.

पहिला नियम, इंजिन थंड पाहिजे. आमच्या सिल्लोडच्या एका मका व्यापाऱ्यानं हा नियम ऐकला नव्हता. गावाहून गाडी दामटत जावयाच्या घरी आले आणि अंगणात उतरल्या उतरल्या, जावयाला आपला हात दाखवावा म्हणून, प्लग उघडायला बसले. गरम हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, प्लग आला, पण एकटा आला नाही. आतले आटेही सोबत घेऊन आला. मी गेलो तेव्हा शेठ त्या प्लगाकडे असे बघत होते, जणू चूक प्लगाची आहे. मी एवढंच विचारलं, "शेठ, ओला मका गोदामात भरता का तुम्ही?" ते नाही म्हणाले. म्हटलं, मग मका वाळायला थांबता तसं इंजिन निवायलाही थांबायचं, आणि जावयानं हसू दाबायला आत जाऊन पाणी आणलं.

उलटंही घडतं. सिडकोतल्या एका डॉक्टरीणबाईंनी बोलावलं म्हणून गेलो, तर त्यांनी चारही प्लग बदलून जुने टॉवेलवर ओळीनं मांडून ठेवले होते. सगळं काम चोख. मला कशाला बोलावलं विचारलं, तर म्हणाल्या, घरात कुणाला यातलं काही कळत नाही, निदान एका माणसानं तरी बघून शाबास म्हणावं. मी शाबास म्हटलं, लाडू खाल्ला आणि आलो.

तर तात्या. हर्सूलला मोठं जेल आहे, त्यामुळे तिथं राहतो म्हटलं की लोक विचारतात, जेलच्या आत का बाहेर. तात्या बाहेरच राहतात, जळगाव रोडपासून थोडं आत, पुढं अंगण असलेल्या घरात. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. तात्या एसटीत ड्रायव्हर झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षं सिल्लोडच्या रस्त्यावर बस चालवून सन्मानानं घरी आले. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं पांढरी मोठी एसयूव्ही घेतली. ती पेट्रोलवरची, आणि तात्यांचं सगळं आयुष्य डिझेलवर गेलेलं. डिझेलच्या इंजिनाला असले प्लग नसतात. त्यामुळे पेट्रोलची गाडी म्हणजे नखरेल, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तरी तिच्यावर त्यांचा जीव होता.

मी पोचलो तेव्हा अंगणात खुर्ची मांडलेली होती, शेजारी स्टुलावर पाणी. तात्या लेंगा आणि जुना खाकी शर्ट घालून बॉनेट उघडून उभे. गयाबाई, म्हणजे तात्यांच्या पत्नी, ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. मी विचारलं, एवढी काय गरज पडली की या वयात पाना हातात घेतला?

तात्यांनी जे सांगितलं ते असं. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा संदीप पुण्याहून आला होता. तो तिथं कंप्युटरच्या कंपनीत आहे. एका थंड सकाळी बापलेक गाडीतून निघाले, तात्या चालवत होते, आणि गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. एक झटका, दोन झटके, मग थोडं बरं, मग पुन्हा. संदीप म्हणाला, बाबा, क्लच नीट सोडा. तात्या म्हणाले, मी नीटच सोडतोय. थोडं पुढं गेल्यावर संदीपनं गाडी थांबवायला लावून स्वतः स्टीअरिंग हातात घेतलं. आणि गाडी लोण्यासारखी चालली. परत येईपर्यंत एक झटका नाही.

मग संदीपनं फार प्रेमानं सांगितलं की बाबा, आता वय झालं, पाय थरथरतो, गाडी विकून टाकू. त्यानं गिऱ्हाईकही बघितलं होतं. येत्या रविवारी तो गिऱ्हाइकाला घेऊन येणार होता, आणि तोवर तात्यांनी गाडी एकट्यानं गेटबाहेर काढायची नाही असा शब्द त्यानं घेतला होता.

"मिस्त्री, जन्मभर माणसं वाहिली म्या," तात्या म्हणाले. "म्हातारी, बाळंतिणी, लगीनघरं. कुणी म्हणलं नाय की ड्रायव्हर झटका देतो. आता माझंच पोरगं म्हणतंय. अन् खरं सांगू का, मलाबी वाटाया लागलं की पायच असंल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इंजिनाकडे बघत म्हटलं. एवढा तगडा माणूस स्वतःच्याच पायावर संशय घेतोय हे मला बघवलं नाही.

प्लग स्वतःच बदलायचा हट्ट का, तेही कळलं. गॅरेजला गाडी दिली तर संदीप म्हणणार, मिस्त्री लोक गिऱ्हाइकाला बरं वाटेल तेच सांगतात. (हे अगदीच खोटं नाही, पण ते असो.) तात्यांना स्वतःच्या हातानं काढून स्वतःच्या डोळ्यानं बघायचं होतं, की दोष गाडीचा आहे का पायाचा. मी तिथं फक्त जाणकार साक्षीदार म्हणून. हात मांडीवर ठेवून मी बसलो. मिस्त्रीला दुसऱ्याच्या हातातला पाना बघत बसायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या घरची भाजी करपताना बघायला लावणं. दोनदा मी उठलो, दोनदा तात्यांनी नुसत्या भुवईनं मला खाली बसवलं.

त्यांनी इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण उचललं, पहिली कॉइल सोडवली, ओढली आणि थबकले. कॉइलचा रबरी बूट, म्हणजे प्लगावर बसणारं आवरण, पिवळाधमक होता. विहिरीत डोकावून बघितलं तर तळ दिसेना. आत पिवळं काहीतरी साचलेलं.

मी इतकी वर्षं विहिरींतून तेल काढलंय, पाणी काढलंय, एकदा मेलेलं झुरळ काढलंय. हे मी पहिल्यांदा बघत होतो. वास घेतला आणि कळलं. हळद. भंडारा.

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. तात्यांचं घर खंडोबाचं, त्यामुळे दसऱ्याला आणि चंपाषष्ठीला दोन्ही वेळा गाडीवर भंडारा उधळायचा, नारळ फोडायचा आणि नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडायचं. इथवर ठीक. भंडारा टपावर पडला, बॉनेटवर पडला, गाडीला त्याचं काही नाही. पण तात्यांच्या मनात एक शंका आली होती. वर तर प्लास्टिकचं झाकण. प्लास्टिकवर भंडारा टाकून इंजिनाला तो कसा पोचणार? म्हणून ते दरवर्षी आधी झाकण काढून ठेवायचे आणि मग वहिनी मूठभर भंडारा थेट इंजिनावर टाकायच्या, वरून नारळाचं पाणी. कॉइलचं रबर जुनं होऊन सैल झालेलं. भंडारा आणि पाणी दोन्ही वर्षानुवर्षं आत उतरत राहिले.

आता दोघांत वाद सुरू झाला. तात्या म्हणाले, एवढा मूठभरून कामून टाकायचा, चिमूटभर पुरला असता. वहिनी मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, झाकण कुणी काढलं? तात्या म्हणाले, देवासाठीच काढलं ना. वहिनी म्हणाल्या, मंग देवासाठीच टाकला. मी चहा प्यालो. असल्या वादात मिस्त्रीनं पडायचं नसतं.

इथं दुसरा नियम. प्लग सोडवायच्या आधी विहीर साफ करायची, नाहीतर सगळा कचरा इंजिनाच्या पोटात जातो. गॅरेजमध्ये आम्ही हवा मारतो. इथं हवा कुठली? तात्यांनी सायकलचा पंप आणला, त्याची नळी विहिरीत सोडली आणि एसटीच्या हिशोबानं जोर लावला. पिवळा ढग उठला. तात्यांची मिशी पिवळी, भिंत पिवळी, आणि मी जाणकार साक्षीदार म्हणून डोकं पुढं घालून बसलेलो, माझी पांढरी दाढी पिवळी. वहिनींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "येळकोट येळकोट." तात्यांनी पंप हातात धरून तितक्याच सवयीनं उत्तर दिलं, "जय मल्हार." मग माझ्याकडे बघून दोघंही इतके हसले की वाद तिथंच मिटला. संध्याकाळी बेगमनं माझी दाढी बघितली आणि विचारलं, कुणाच्या हळदीला गेला होतात.

विहिरीच्या तळाशी चिकटून बसलेला थर तात्यांनी लाकडी काडीनं उकरला, फडक्यानं पुसला, पुन्हा पंप मारला. पहिले दोन प्लग नीट निघाले. तिसरा हलेना.

आता गंमत संपली. हळद आणि नारळाचं पाणी मिळून प्लगाच्या कडेला सिमेंटसारखं घट्ट झालं होतं. जोर लावून प्लग तुटला तर अर्धा तुकडा हेडमध्ये राहतो. मग सगळं इंजिन वरून उघडावं लागतं आणि ते काम अंगणात होत नाही. तसं झालं असतं तर रविवारी गिऱ्हाइकासोबत येणाऱ्या संदीपला उघडी, बंद पडलेली गाडी दिसली असती. त्याला पुढं काही बोलायचीही गरज उरली नसती. तात्यांना हे सगळं मी न सांगता कळलं होतं. त्यांनी पाना काढून घेतला आणि कपाळाचा घाम पुसला.

मी म्हटलं, "तात्या, आता माझ्या हातात द्या."

"नाय. तोंडानं सांगा."

मी तोंडानं सांगितलं. कडेनं तेल सोडा. थांबा. अजून थांबा, चहा घ्या. आता पाना बसवा, पण उघडायला नको, आधी थोडा आवळायच्या बाजूनं ढकला. आता जरासा उलटा. पुन्हा मागं. जोर खांद्याचा नको, मनगटाचा. गर्दीची बस चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कशी चालवायचात, तसं. हे शेवटचं त्यांना बरोबर लागू पडलं. त्यांचा चेहरा निवळला. मनगट इकडं, मनगट तिकडं, बराच वेळ. वहिनींनी मेथी बाजूला ठेवली होती. मग कट्ट असा आवाज झाला. तुटला असं मला वाटलं. तात्यांनी पाना हळूच फिरवला, तो फिरतच गेला, आणि प्लग अख्खा वर आला. आटे शाबूत.

जुना प्लग हातात आला की मिस्त्री तो आधी बघतो, वैद्य जीभ बघतो तसा. कॉफीच्या रंगाचा असेल तर तब्येत चांगली, काळा कुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर इंजिन म्हातारं. या प्लगाचं टोक चांगलं होतं. पण त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, आणि कॉइलच्या रबरी बुटात आतून तशीच रेघ. मी तात्यांना चष्मा लावायला सांगितलं आणि ती रेघ दाखवली. ठिणगी आत पडण्याऐवजी ओल्या भंडाऱ्यावरून बाहेरच्या बाहेर पळत होती. थंडीत, दमट सकाळी ती पळायची आणि गाडी झटका द्यायची. इंजिन तापलं की ओल वाळायची आणि गाडी गुणी व्हायची. संदीपच्या हातात आली तेव्हा ती तापलेली होती. एवढंच.

तात्या ओट्यावर बसले. प्लग हातात धरून, रेघेवरून अंगठा फिरवत.

"म्हंजी माझा पाय नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

त्यांनी खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि भंडारा डोळ्यात गेला म्हणाले. मी म्हटलं, जातो कधी कधी. आणि मी पिशवीत रबरी बूट शोधत बसलो. नवे बूट मी आणलेच होते.

नवे प्लग बसवायची एक युक्ती मी त्यांना दिली, ती इथंही देतो. प्लगाच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा अडकवायचा आणि नळीनंच तो विहिरीत सोडून बोटांनी फिरवायचा. आटे वाकडे लागत असतील तर नळी आपोआप घसरते, नुकसान होत नाही. पाना शेवटी, अगदी थोडासा. जास्त आवळण्याचा मोह पुरुषमाणसांना फार असतो, पण तात्यांनी तो आवरला. चौथा प्लगही बदलला, झाकण बसवलं, आणि तात्यांनी वहिनींकडे बघून जाहीर केलं की यापुढं भंडारा झाकणावरच. खंडोबाला प्लास्टिकचं काही वावडं नाही.

पण खरी परीक्षा थंड इंजिनावर, सकाळीच होणार. दुसऱ्या दिवशी मी धुक्यात पुन्हा हर्सूलला गेलो. शब्द एकट्यानं बाहेर न काढण्याचा होता, मी सोबत असल्यावर तो मोडत नव्हता, असं तात्यांनी कायद्यानं सिद्ध केलं. वहिनी शाल घेऊन यायला निघाल्या, पण तात्या म्हणाले, आज मिस्त्रीला पुढं बसू दे, त्याला इंजिनाचा आवाज ऐकायचाय. वहिनी गेटपाशी उभ्या राहिल्या. आम्ही वळेपर्यंत त्या तिथंच होत्या.

गाडी सिल्लोडच्या रस्त्याला लागली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. झटका नाही. तात्या चालवतात ते बघण्यासारखं आहे. गिअर बदलला तरी पोटातलं पाणी हलत नाही. फक्त प्रत्येक फाट्याला त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, कारण तिथं पूर्वी माणसं हात करून उभी असायची. मी म्हटलं, तात्या, घंटी वाजवू का दोनदा? ते खुशीत हसले.

रस्त्याकडेच्या तलावाच्या पुढं डाव्या अंगानं शेळ्यांचा कळप रस्त्यावर चढत होता. चांगला मोठा कळप, पुढं एक दांडगा बोकड. मला वाटलं तात्या वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. मी ओरडलो, "तात्या, शेळ्या!" आणि तेव्हा त्यांनी ब्रेक असा दाबला की गाडी सरळ रेषेत, न घसरता, बोकडाच्या पुढ्यात उभी राहिली. शेळ्या राखणाऱ्या माणसानं काठी उगारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तात्या मान खाली घालून ऐकत राहिले. मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा, आणि त्याला अख्खा कळप दिसला नव्हता. कळप गेल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि हळूहळू घरी आणली.

घरी आल्यावर त्यांनी संदीपला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात दिला. मी त्याला भंडारा, रेघ, थंड इंजिन, गरम इंजिन सगळं सांगितलं. तो म्हणाला की चाचा, मी उगाच बाबांना बोललो. आणि मग त्यानं विचारलं, "म्हणजे बाबांनी गाडी चालवायला काही हरकत नाही ना?"

मी अडकलो. गाडीचं मला विचारा, मी रात्रंदिवस बोलेन. माणसाचं काय सांगू? शेळ्यांचं सांगितलं तर आत्ताच परत मिळालेली अब्रू मीच काढून घेणार, आणि नाही सांगितलं तर उद्या रस्त्यावर शेळ्यांच्या जागी कुणाचं तरी लेकरू असेल. मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी हात पुढं करून फोन घेतला.

"संदीप, झटके माझे नव्हते. हे आधी नीट ऐकलंस का?"

"हो बाबा."

"आता दुसरं ऐक. डावीकडचं मला दिसत नाय. आज शेळ्या दिसल्या नाय. गाडी विकायची नाय, गिऱ्हाईक आणू नको. तू एकटा ये, अन् मला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन चल. तवर किल्ली तुझ्या आईजवळ."

खोटा आळ अंगावरून उतरला होता, म्हणून खरं बोलायला त्यांना बळ आलं, असं मला वाटलं. फोन ठेवून त्यांनी किल्ली वहिनींपुढं धरली. वहिनींनी ती घेतली, कमरेला खोचली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला लई दिसापासून ठावं हाय."

तात्या चमकले. "मंग बोलली कामून नाय?"

"बोलतेच की. पुढं बसून सारा रस्ता सांगत नाय का मी? डावीकडून रिक्षा आली, डावीकडून म्हैस आली, डावीकडून पोरगं पळालं."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुला बोलायची सवयच हाय."